माल्फ्रीदची पांढरी भिंत

लग्न होऊन टेर्नोय बेटावर आली तेव्हा माल्फ्रीदला सासूनं आधी घर दाखवलं नाही, होडीघर दाखवलं. नवी नवरी किनाऱ्यावरच्या शेवाळावरून घसरत होती, काळा झगा दोन्ही हातांनी वर धरून चालत होती, आणि सासू मागे वळून न बघता पुढे चालली होती. होडीघराच्या समुद्राकडच्या बाजूला येऊन ती थांबली.

"ही भिंत," सासू म्हणाली. "चुलीवरचं उतू गेलं तर जाऊ दे. पोर रडलं तर रडू दे. पण ही मळलेली दिसता कामा नये."

होडीघर तसं साधंच होतं, फळ्यांचं. तीन बाजूंना गेरू आणि माशाचं तेल मिसळून केलेला लाल रंग, बेटावरच्या सगळ्याच होडीघरांना असतो तसा. चौथी बाजू मात्र पांढरी. साय काढलेल्या दुधात चुना कालवायचा आणि जूनमधल्या कोरड्या दिवसांत दोन हात द्यायचे. माल्फ्रीदच्या नवऱ्याच्या, हार्टविगच्या आजोबांनी ती भिंत पहिल्यांदा पांढरी केली, असं म्हणत. त्या आधी कुणी केली असेल तर ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पश्चिमेकडून बंदरात यायची वाट खडकांमधून आहे. त्यातला एक खडक भरतीला पाण्याखाली असतो. त्याला सगळे म्हातारी म्हणतात. वारा असला की लाटा सगळीकडेच फुटतात, आणि मग म्हातारी नेमकी कुठं बसली आहे ते कळत नाही. अशा वेळी टेर्नोयचा माणूस पाण्याकडे बघत नाही. तो मान वर करून टेकडीवरचं चर्च बघतो, खाली किनाऱ्यावरची पांढरी भिंत बघतो, चर्चचा मनोरा बरोबर भिंतीच्या माथ्यावर उभा धरतो आणि तसाच आत येतो. म्हातारी डाव्या हाताला राहते. बाहेरगावच्या बोटी या वाटेला जातच नाहीत. त्या बेटाला वळसा घालून दक्षिणेच्या रुंद वाटेनं येतात.

माल्फ्रीदला हे कळायला वर्ष लागलं. एकदा कळल्यावर मात्र ती भिंत तिचीच झाली. हार्टविग लोफोटेनला मासेमारीला गेलेला असला, हात सुजलेले असले, पोटुशी असली, तरी चुन्याची बादली तिनं चुकवली नाही. त्यासाठी कुणी काही देत नसे, आणि कुणी कधी आभारही मानले नाहीत. पण हेरिंग माशाच्या हंगामात एकामागून एक बोटी तिच्या भिंतीवर नाक धरून आत येऊ लागल्या की ती हात पुसत दारात उभी राही, आणि तिला वाटे, या सगळ्यांना आपणच हाताला धरून घरात घेतोय.

तेव्हा गाव भरलेलं होतं. धक्क्यावर पिंपांच्या राशी, टेकडीवर वलांड्यांच्या लाकडी मांडवांवर कॉड मासे सुकत घातलेले, दोन दुकानं, एक बेकरी. पुढे हेरिंग एक वर्ष आली नाही, मग दुसऱ्या वर्षीही आली नाही, आणि मग लोकांनी ती यायची वाट बघणंच सोडलं. बेकरी बंद पडली. पोरं मोठी झाली की मुख्य भूमीवर कामाला जाऊ लागली. भिंत पांढरी होतीच.

फक्त लढाईच्या वर्षांत ती काळी झाली. जर्मन शिपाई आले आणि त्यांनी किनाऱ्यावरची प्रत्येक पांढरी खूण पुसायला लावली. हार्टविगनं स्वतःच्या हातानं डांबर फासलं. ते संपवून घरात आला आणि जेवायला बसला, पण त्यानं काट्याला हात लावला नाही. लढाई संपली त्याच आठवड्यात त्यानं भिंत पुन्हा हाती घेतली. डांबरावर चुना धरत नाही. म्हणून त्यानं आणि पोरानं मिळून एकेक फळी उचकटली, उलटी केली आणि काळी बाजू आत घालून पुन्हा ठोकली.

हा पोरगा म्हणजे स्टायनार, एकुलता एक. तेव्हा तो जेमतेम मिसरूड फुटलेला होता. दिवसभर खिळे तोंडात धरून काम करत होता आणि वर आईची थट्टा करत होता. "आई, आता आपलं होडीघर चर्चच्या पाद्र्यासारखं झालं. बाहेरून पांढरं, आतून काळं!"

"गप्प बस," हार्टविग म्हणाला, पण त्या दिवशी तोही हसला होता.

बापलेकाचं तसं हसणं माल्फ्रीदला पुढे पुष्कळदा आठवलं, कारण त्यानंतर तीन वर्षांनी दोघांचं बिनसलं ते कायमचंच.

स्टायनारनं बोटीत होकायंत्र बसवलं होतं. नव्या मशीनवर त्याचा फार विश्वास. एका दिवशी वादळी हवेत तो बापाची बोट घेऊन एकटा आत येत होता. भिंत दिसत होती, मनोरा दिसत होता, पण तो होकायंत्राच्या काट्यावर चालला आणि म्हातारीनं बोटीचा तळ खरवडला. बोट बुडाली नाही, पाणी शिरलं तेवढंच. धक्क्यावर सगळं गाव उभं होतं.

"घराची भिंत दिसत नाही तुला?" हार्टविग सगळ्यांसमोर ओरडला. "ज्याला एवढी थोरली भिंत दिसत नाही, त्यानं कोंबड्या पाळाव्यात. बोटीला हात लावू नये."

"होकायंत्र बरोबर होतं, बाबा. वाऱ्यानं..."

"बरोबर होतं? मग जा, त्या होकायंत्राच्या घरी जाऊन जेव!"

कुणीतरी हसलं. तेच फार लागलं असावं. पुढच्या बोटीनं स्टायनार उत्तरेला गेला आणि मोठ्या ट्रॉलरवर लागला. दर नाताळला आईसाठी लोकरीचे हातमोजे किंवा कॉफीचा डबा यायचा. वडिलांचं नाव त्यात कुठं नसे. माल्फ्रीद कॉफी गाळायची आणि हार्टविग ती प्यायचा. कुठून आली ते तोही विचारत नसे. पण दर जूनला, चुना कालवताना, तो आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायचा, "दाट कर गं. लांबून दिसली पाहिजे."

तो गेला तेव्हा स्टायनार ग्रीनलंडच्या समुद्रात होता. त्याला बातमी पोचली ती माती होऊन पंधरवडा उलटल्यावर.

त्याच वर्षी सप्टेंबरात असं वादळ आलं की म्हाताऱ्यांनाही तसलं आठवेना. समुद्रानं होडीघराच्या पायाचे दगड ओढून नेले आणि ते कोलमडलं. सकाळी माल्फ्रीद किनाऱ्यावर जाऊन फळ्या गोळा करत बसली. शेजारचा आयलर्ट धावत आला. हार्टविगच्याच वयाचा, त्याचा जन्माचा सोबती. बायको लवकर गेली तेव्हापासून निम्मं जेवण तो माल्फ्रीदकडेच जेवायचा आणि उरलेल्या निम्म्याला नावं ठेवायचा.

"अगं, थंडीनं मरशील. सोड त्या फळ्या."

"पांढऱ्या आहेत तेवढ्या उचल. लाल राहू देत."

आयलर्टनं आणि आणखी दोघा-तिघांनी मिळून होडीघर पुन्हा उभं केलं. जुनी जागा आता जागा नव्हतीच, तिथं समुद्राची घळ झाली होती. म्हणून दहा-बारा पावलं उत्तरेला, चांगल्या भक्कम खडकावर ते बांधलं. त्याच फळ्या, काळी बाजू आत, पांढरी बाहेर. थंडी पडायच्या आत माल्फ्रीदनं दोन हात चुना दिला. भिंत पूर्वीपेक्षा उजळ दिसत होती.

भिंत सरकली म्हणजे खूण सरकली, हे कुणाला सांगावं लागलं नाही. आयलर्ट दुसऱ्याच दिवशी बोट घेऊन बाहेर गेला आणि येऊन म्हणाला, "आता चर्च नको. आता शाळेचं धुराडं भिंतीवर धरायचं." आठवडाभरात बेटावरच्या लहान मुलांनाही ते पाठ झालं. बोटी धुराडं धरून आत येऊ लागल्या. विषय संपला.

नोव्हेंबरात आयलर्ट उत्तरेला मासेमारीला निघाला. माल्फ्रीद त्याला सोडायला धक्क्यावर आली. तिच्या हातात सुकट आणि लोण्याचा डबा होता.

"हॅमरफेस्टला थांबशील?"

"थांबेन की. तुझ्या पोराला शोधू म्हणतेस?"

"सापडला तर सांग." तिनं डबा त्याच्या हातात दिला. "सांग की होडीघर वादळात पडलं होतं, पण आता उभं आहे. भिंत पांढरी केली आहे म्हणावं. एवढंच सांग. बाकी काही नको."

"ये म्हणून सांगू?"

"भिंत पांढरी आहे म्हण. त्याला कळेल."

आयलर्ट नाताळच्या तोंडावर परत आला आणि बोटीतून उतरायच्या आधीच ओरडला, "भेटला! अगं माल्फ्रीद, भेटला. दाढी वाढवलीय आणि बापासारखाच चेहरा वाकडा करून कॉफी पितो!"

मग त्यानं स्वयंपाकघरात बसून सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. स्टायनारनं स्वतःची लहान बोट घेतली होती, एकट्याला चालवता येईल अशी. जुनीच, कुणा दुसऱ्याची, आधीचंच नाव तिच्यावर होतं. बोटीचं नाव बदलणं अशुभ, म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं होतं.

"निरोप दिलास?"

"शब्दाला शब्द. होडीघर पडलं होतं, उभं आहे, भिंत पांढरी आहे."

"मग?"

"मग कप फिरवत राहिला. मग म्हणाला, 'बाबांना सांगायचं राहून गेलं, भिंत मला दिसत होती.'"

माल्फ्रीद उठली आणि चुलीत लाकूड घातलं. लाकडाची गरज नव्हती.

"आणि?"

"आणि म्हणाला, कॉडचा हंगाम सुरू झाला की बघू. येईन म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही. तुमच्या घरात होकार असाच देतात, एवढं मला ठाऊक आहे."

जानेवारी सरला. माल्फ्रीदनं माळ्यावरची खोली झाडली, गादी उन्हात घालायला ऊन नव्हतं म्हणून चुलीजवळ टाकून गरम केली. दुकानात गेली की बेर्गिट, दुकानवाली, मुद्दाम दोनदा विचारायची, "मावशी, साखर एक पुडा की दोन?" माल्फ्रीद दोन म्हणायची. बेर्गिट हसायची. सगळं गाव जणू तिच्याबरोबर वाट बघत होतं. अनेक वर्षांत या बेटावर परत येणारं कुणी नव्हतं, सगळे जाणारेच होते. एक तरी येणार, या कल्पनेनंच लोकांचे चेहरे सैल झाले होते. आयलर्टनं तर बोट बांधायची जागाही साफ करून ठेवली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी माल्फ्रीद किनाऱ्यावर भांडी घासत होती. वारा नैर्ऋत्येचा होता, मधूनमधून बर्फाची सर यायची, समुद्र झाकून टाकायची आणि पाच-दहा मिनिटांत निघून जायची. भरती होती. बेटावरच्या बोटी सगळ्या बाहेर मासेमारीला.

तिला पश्चिमेकडून एक बोट येताना दिसली. लहान, हिरवी, अनोळखी. "बाहेरचा दिसतो," तिच्या मनात आलं, "दक्षिणेला वळेल आता." आणि ती परत पातेल्याकडे वळली. मग तिनं पुन्हा वर बघितलं. बोट दक्षिणेला वळली नव्हती. ती सरळ खडकांकडे येत होती. आणि चाचपडत नाही, बिचकत नाही, दोरी ताणून धरावी तशी सरळ.

पातेलं तिच्या हातातून सुटलं.

बाहेरच्या माणसाला ही वाट ठाऊक नव्हती. बेटावरच्या माणसाला आता दुसरी ठाऊक होती. ही जुनी रेष होती, हार्टविगची, चर्च भिंतीवर धरायची; आणि भिंत सरकल्यापासून ती सरळ म्हातारीवर जात होती. जगात एकच माणूस उरला होता ज्याला ती येत होती आणि नवी कुणी सांगितली नव्हती.

"स्टायनार!" ती ओरडली. वाऱ्यानं आवाज तिच्याच तोंडात परत कोंबला.

ती पाण्याच्या कडेला धावली आणि दोन्ही हात हलवू लागली, दक्षिणेकडे, दक्षिणेकडे. बोटीवरचा माणूस सुकाणूपाशी उभा होता. त्यानं तिला पाहिलं. टोपी काढली आणि डोक्यावर धरून जोरजोरात हलवली. आई स्वागताला किनाऱ्यावर आलीय, एवढंच त्याला दिसलं असणार.

मग तिला भिंत आठवली. ती मागे फिरून होडीघराकडे पळाली. खांद्यावरची काळी शाल काढून तिनं भिंतीसमोर पसरली, हात जेवढे वर जातील तेवढे वर नेले, शाल वाऱ्यानं फडफडत होती. तेवढ्या मोठ्या पांढऱ्या भिंतीपुढे ती शाल म्हणजे ठिपका होता. शेजारून शेवाळ आणि चिखल उचलून तिनं भिंतीवर फासायला सुरुवात केली. बोटं फळ्यांवर सोलवटली. स्वतःच्या हातानं दाट कालवलेला चुना, लांबून दिसावा म्हणून, तो काही केल्या झाकेना.

बर्फाची सर आली. समुद्र नाहीसा झाला, चर्चही नाहीसं झालं. तिला फक्त भिंत दिसत होती.

सर ओसरली तेव्हा पश्चिमेला खडकांवर लाटा फुटत होत्या, आधी फुटत होत्या तशाच. हिरवी बोट नव्हती. बेर्गिट आणि गावातले दोन म्हातारे वल्हवत गेले, जाता येईल तेवढं. बोटीच्या फळ्या मिळाल्या. एका फळीवर कुणा अनोळखी बाईचं नाव होतं, जुन्या मालकाच्या बायकोचं असेल. चौथ्या दिवशी समुद्रानं स्टायनारला उत्तरेच्या खाडीत आणून ठेवलं. टोपी मिळाली नाही.

गावात कुणी ब्र काढला नाही. माल्फ्रीदला दोष देणारं एक माणूस असतं तर तिला बरं वाटलं असतं. सगळे येत, उकडलेला मासा आणि पाव ठेवत, हात दाबत आणि जात.

माती झाल्यावर आठवड्यानं आयलर्ट आला. दारातच उभा राहिला, बसला नाही.

"माल्फ्रीद, मी त्याच्यासमोर बसून दोन तास बोललो. इंजिनाबद्दल बोललो, दाढीची थट्टा केली. मीच तर ती भिंत सरकवली होती. आणि मला आठवलं नाही."

"मी तुला सांगितलं नव्हतं."

"तू सांगायची काय गरज? मला माहीत होतं ना."

"सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "बेर्गिटला माहीत होतं. शाळेतल्या पोरांना माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं तो इथं नव्हता, म्हणून कुणाला सांगायचं सुचलं नाही."

"मला शिव्या दे. एकदा तरी दे."

"बस. कॉफी घे."

तो बसला. कॉफी प्यायला. तो उठायला लागला तेव्हा माल्फ्रीद म्हणाली, "उद्या पहार घेऊन ये. आणि हातोडा."

दुसऱ्या दिवशी दोघांनी होडीघराची भिंत उतरवली, एकेक फळी. काळी बाजू वर केली. लढाईच्या वेळी हार्टविगनं जड हातानं फासलेलं डांबर इतक्या वर्षांनंतरही चिकटून होतं. ती बाजू समुद्राकडे घालून त्यांनी भिंत पुन्हा ठोकली. आयलर्ट खिळे ठोकत होता आणि रडत होता. माल्फ्रीद फळी घट्ट धरून उभी होती. बोटी आता कशाच्या आधारे आत येतील, हे त्यानंही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी सरकारनं म्हातारीवर लोखंडी खांब उभा केला आणि वर दिवा लावला. गावकरी वर्षानुवर्षं मागत होते तेव्हा मिळाला नव्हता. दिवा आला तोपर्यंत त्या वाटेनं येणाऱ्या बोटी बोटांवर मोजण्याएवढ्या राहिल्या होत्या. आयलर्टनं बोट विकली आणि तो मुख्य भूमीवर बहिणीकडे राहायला गेला. जाताना तो माल्फ्रीदकडे आला नाही. तिनंही त्याला खिडकीतूनच पाहिलं. शाळेत मुलं उरली नाहीत, तेव्हा शाळेचं धुराडंही थंड झालं.

माल्फ्रीद राहिली. जून आला की ती दुकानात जाऊन साय काढलेलं दूध मागे. बेर्गिट ते किटलीत ओतून देई. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं.

"मावशी, भिंत तर काळी आहे. दूध कशाला?"

"आतून पांढरी आहे," माल्फ्रीद म्हणाली.

त्यानंतर बेर्गिटनं विचारलं नाही. माल्फ्रीद चुना कालवून बादली घेऊन होडीघरात जाई आणि दार आतून लावून घेई. आत रिकामंच होतं, होडी कधीच विकली होती. फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या उजेडात ती भिंतीला दोन हात देई, दाट. कडेला, कोपऱ्यात, खिळ्यांच्या डोक्यांवर, कुठंही मळकट राहू देत नसे. बाहेरून जाणाऱ्याला आत काय चाललंय ते कळायचं नाही. फक्त दिवसभर ओल्या चुन्याचा वास येत राही.